गावच्या जवानांची नावं दगडावर कोरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांमधून मला एकाच कामासाठी सारखे फोन येतात: गावच्या शहीद जवानांचं स्मारक बांधायचंय, डिझाइन करून द्या. बोलणारे कधी सरपंच असतात, कधी माजी सैनिक संघटनेचे सुभेदार साहेब, तर कधी पुण्या-मुंबईत नोकरी करणारा पण गावाकडं लक्ष असलेला एखादा तरुण. मी वास्तुविशारद आहे, कऱ्हाडला असतो, आणि हे काम मला फार जवळचं वाटतं. सगळ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे: स्मारक नावांसाठी असतं. चौथरा, खांब, पुतळा, बगीचा यांचा विचार नावं पक्की झाल्यावर करावा.

सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. निधी आणि जागेच्याही आधी यादी.

प्रत्येक जवानाबद्दल इतकं हवं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सैनिक क्रमांक, हुद्दा, युनिट, वीरगतीची तारीख आणि ठिकाण किंवा मोहीम. यातलं बरंचसं घरच्या पेटीतच असतं. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं पत्र, पदकाच्या कडेला कोरलेला क्रमांक. ताई-मावशींना विचारा, त्या कागद जपून ठेवतात. त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडं आहे. तिथून पुढं त्या त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांचं, खडकीला. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, ठरावाची प्रत जोडून पत्र गेलं की काम लवकर हलतं.

यादी तयार झाली की ती महिनाभर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, वाड्या-वस्त्यांवरही पाठवा. मुंबईला गेलेल्या भावकीपर्यंत पोचली पाहिजे. हा महिना वाया जात नाही. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्ध स्मारकावर अमेरिकेसारख्या देशाच्या कागदपत्रांवरून नावं कोरली, तरी लढाईतून जिवंत परतलेल्या काही जणांची नावं त्या भिंतीवर गेलीच. आपल्याकडं तर एकाच गावात तीन ‘पांडुरंग जाधव’ सहज निघतात.

पहिल्या महायुद्धात गावचे बरेच लोक गेले होते म्हणतात. त्यांची नावं आता कुठून मिळणार?

हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. त्या गावच्या नावापुढंच ‘मिलिटरी’ लागलंय. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जवान कामी आले आणि ब्रिटिश सरकारनं गावात स्मृतिस्तंभ उभारला. त्या काळात इतर अनेक गावांतही सरकारनं पाट्या बसवल्या, चावडीच्या भिंतीत किंवा वेशीजवळ. मजकूर ठरलेला असायचा: या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि संपलं. गेलेला कोण, कुणाचा मुलगा, काही नाही.

आणि हे गावापुरतं नव्हतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. 110 वी मराठा पलटण कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती, आणि 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं तेव्हा वाचलेले कैदेत गेले. त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या दिली गेली. युद्धातल्या प्रत्येक मृताचं नाव राहिलं पाहिजे, असं तत्त्व असलेल्या संस्थेनं, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं, हे केलं. तिनं 2021 मध्ये अहवाल काढून हा भेदभाव मान्यही केला. फ्रान्समधल्या नव शापेलच्या हिंदुस्थानी स्मारकावर मात्र 4,700 हून अधिक नावं कोरलेली आहेत. ते 1927 मध्ये उघडलं.

तर नावं शोधायची कुठं? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर मोफत आहे. तिथं अनेक हिंदुस्थानी शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि पुढं ‘सातारा, बॉम्बे’ असं लिहिलेलं सापडतं. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्पेलिंग इंग्रज कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळं गावाचं नाव चार प्रकारे टाकून बघा. कऱ्हाड तर नक्कीच. दोन, सांगलीकरांसाठी: तुमचा जिल्हा तेव्हा नव्हता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर इथल्या जवानांची नोंद ‘सातारा’ म्हणूनच सापडेल. मिरज, सांगली, जत ही संस्थानं होती, तिथल्या नोंदीत संस्थानाचं नाव येतं. एवढी एक माहिती नसल्यामुळं लोक सांगली टाकून शोधतात आणि आमच्या गावचं कुणी नव्हतं म्हणून सोडून देतात.

पण ते तर ब्रिटिशांच्या फौजेत होते. त्यांची नावं स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांबरोबर लावायची का?

लावावीत. माझं मत ठाम आहे.

दिल्लीत या दोन काळांची स्मारकं वेगळी आहेत. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या 13 हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची. देशाच्या पातळीवर ते बरोबर आहे. गावात मात्र 1916 ला गेलेला शिपाई आणि 1971 ला गेलेला नाईक एकाच घरातले पणजोबा-पणतू असू शकतात. तो शिपाई दुष्काळात पोटासाठी भरती झाला, माण-खटाव आणि जत-आटपाडीला हे नव्यानं सांगायला नको. त्याच्या आईनं वाट बघितली ती याच गावात. वेगळा फलक करा, वर काळ स्पष्ट लिहा, पण भिंत एकच ठेवा.

दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारकाची छोटी प्रतिकृती केली तर?

प्रतिकृती नको. त्यामागचा विचार मात्र नक्की घ्या.

राष्ट्रीय समर स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला इंडिया गेटजवळ खुलं झालं. जागतिक स्पर्धा घेऊन रचना निवडली, ती चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांची. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत. मधोमध अमर चक्र, तिथं साडेपंधरा मीटर उंच स्तंभ आणि ज्योत. इंडिया गेटखाली 1972 पासून तेवणारी अमर जवान ज्योत 21 जानेवारी 2022 ला याच ज्योतीत विलीन केली. त्याबाहेर वीरता चक्र, तिथं सहा लढायांची ब्राँझमधली उठावचित्रं. त्याबाहेर त्याग चक्र, आणि सगळ्यात बाहेर झाडांचं रक्षक चक्र.

आपल्या कामाचं आहे ते त्याग चक्र. ग्रॅनाइटच्या 16 भिंती चक्रव्यूहासारख्या वळत जातात. भिंती विटांसारख्या छोट्या छोट्या शिळांच्या आहेत आणि एका शिळेवर एकच जवान. उद्घाटनाच्या वेळी 25,942 नावं होती. आता विचार करा, हीच नावं एका सलग उंच भिंतीवर खालीवर दाटून लिहिली असती तर लांबून नुसती नक्षी दिसली असती. एक माणूस, एक शिळा असं केल्यामुळं आलेला बाप आपल्या मुलाच्या शिळेसमोर उभा राहू शकतो. नवं नाव आलं की शिळा वाढते, जुनी भिंत फोडावी लागत नाही. वास्तूची उंची मुद्दाम कमी ठेवलीय, बरंचसं काम जमिनीच्या पातळीखाली आहे. आणि रोज संध्याकाळी एका शहिदाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं.

गावासाठी यातून घ्यायचं ते हेच: प्रत्येकाला स्वतंत्र शिळा, पुढं वाढण्याची सोय, आणि घरच्यांना जवळ जाता येईल अशी रचना. वर्तुळं, स्तंभ आणि ज्योत यांची नक्कल वीस बाय तीस फुटांच्या जागेत केविलवाणी दिसते.

नावांचा क्रम कसा लावायचा? हुद्द्यानं, अक्षरानं की तारखेनं?

यावरून गावात सगळ्यात जास्त वाद होतात, तेव्हा ग्रामसभेत आधीच ठरवून ठरावात लिहा.

हुद्द्यानं लावू नका. मरण सगळ्यांना एकाच मापानं आलं. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या युद्धस्मशानांत सेनापती आणि शिपाई यांच्या शिळा एकाच आकाराच्या ठेवल्या गेल्या, आपण त्याहून मागं जायचं कारण नाही. जात, भावकी, वाडी यांनुसार तर अजिबात नाही.

अक्षरानुसार लावणं सोपं वाटतं, कारण नाव शोधायला सोयीचं. पण आपल्याकडं आडनावं कमी आणि माणसं जास्त. जाधव, पवार, शिंदे, कदम, मोरे, माने यांच्या ओळीच्या ओळी होतात आणि प्रत्येकाचं वेगळेपण त्यात हरवतं. व्हिएतनाम स्मारकाची रचना करणारी माया लिन तेव्हा 21 वर्षांची विद्यार्थिनी होती. तिच्यापुढं हाच प्रश्न आला. यादीत सहाशेहून जास्त ‘स्मिथ’ होते. तिनं नावं वीरगतीच्या तारखेनं लावायचा आग्रह धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळं एकाच दिवशी, एकाच चकमकीत पडलेले सोबती भिंतीवरही शेजारी आले. परतलेला सैनिक त्या तारखेजवळ जातो आणि त्याची अख्खी तुकडी त्याला तिथं भेटते. 1982 मध्ये ते स्मारक खुलं झालं तेव्हा 57,939 नावं होती. नाव शोधायला शेजारी छापील सूची ठेवली, झालं.

मीही तारखेचा क्रम सुचवतो. गावातली नावं पाच असोत की पन्नास, तारखेनं लावली की गावाचा इतिहास आपोआप वाचता येतो: मेसोपोटेमिया, इटली, 1962, 1965, 1971, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, काश्मीर. शाळेच्या पोरांना त्यापुढं उभं करून गुरुजी एक अख्खा तास घेऊ शकतात.

अधिकारी असेल, पदक मिळालं असेल तर अक्षर मोठं करायचं का?

अक्षर सगळ्यांचं सारखं. पदकाचं नाव खाली छोट्या ओळीत जरूर यावं, तो मान त्यानं रक्तानं मिळवलाय. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे ते विद्यार्थी. तसं नाव असेल तर हुद्दा, युनिट आणि ‘शौर्यचक्र (मरणोत्तर)’ इतकं लिहा. शेजारच्या शिपायाच्या शिळेइतक्याच शिळेवर.

नाव मराठीत लिहायचं की इंग्रजीत? शुद्धलेखन कुणाचं धरायचं?

मराठीत. सैनिक क्रमांक मात्र रेकॉर्डमध्ये आहे तसाच, इंग्रजी अक्षरासकट लिहा. तोच पुढं शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला उपयोगी पडतो.

शुद्धलेखन घरच्यांचं. लष्कराच्या इंग्रजी कागदावरून परत मराठीत आणताना घोटाळे होतात: काळेचं काले, साळुंखे की साळोखे, पवार की पोवार. आपल्याकडं पवार आणि पोवार ही दोन्ही आडनावं आहेत, त्यामुळं अंदाज करू नका. शाळेचा दाखला बघा, घरी विचारा. वडिलांचं नाव कधीही गाळू नका. जागा कमी पडते म्हणून आद्याक्षरं टाकणं मला मान्य नाही. जागा वाढवा.

कुणाचं नाव घ्यायचं? ड्युटीवर अपघातात किंवा आजारानं गेलेला जवान, सीआरपीएफचा जवान, पोलीस?

राष्ट्रीय स्मारकाचे निकष लढाई आणि मोहिमांशी जोडलेले आहेत. लष्करही युद्धातली हानी आणि इतर कारणांनी झालेली हानी अशी वेगवेगळी नोंद ठेवतं. निमलष्करी दलं आणि पोलीस यांच्यासाठी दिल्लीत चाणक्यपुरीला वेगळं राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, ते 21 ऑक्टोबर 2018 ला खुलं झालं आणि तिथंही भिंतीवर नावं आहेत.

गावानं इतकं काटेकोर व्हायची गरज नाही, पण गडबडही करू नये. दोन फलक करा. पहिल्यावर लढाईत आणि मोहिमेत वीरगती मिळालेले, दुसऱ्यावर सेवेत असताना प्राण गेलेले. सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस यांचं नाव त्यांच्या दलाच्या नावासह त्याच भिंतीवर घ्या. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलीस दलात होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हातात फक्त लाठी असताना त्यांनी अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली आणि त्यांना अशोकचक्र मिळालं. ते पोलीस होते म्हणून त्यांना भिंतीबाहेर ठेवायचं, असं सातारा जिल्ह्यात कोण म्हणेल?

बेपत्ता जवानाचं काय?

घरच्यांची परवानगी असेल तरच घ्या, आणि ‘बेपत्ता’ असं लिहा. काही माऊल्यांनी अजून आशा सोडलेली नसते, त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका. व्हिएतनामच्या भिंतीवर मृताच्या नावाशेजारी चौकट आणि बेपत्ताच्या नावाशेजारी फुली आहे. देह सापडला तर फुलीची चौकट होते, जिवंत परतला तर फुलीभोवती गोल करायचा असं ठरलेलं आहे. आपणही अशी छोटी खूण ठरवू शकतो.

दगड कोणता वापरायचा?

तालुक्यावर अवलंबून आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात दगडावर शेवाळ चढतं. माण, आटपाडी, जतला धूळ आणि ऊन. एकच नमुना दोन्हीकडं चालत नाही.

आपला स्थानिक काळा पाषाण चौथऱ्याला, पायऱ्यांना उत्तम. शतकानुशतकं मंदिरं त्यातच उभी आहेत. बारीक अक्षरांसाठी मात्र तो निवडून घ्यावा लागतो, कारण त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि नेमकी मात्रेच्या जागी पोकळी आली की अक्षर तुटतं. जांभा तर अक्षरांसाठी नकोच. संगमरवर दिसायला देखणा, पण पावसात काही वर्षांत त्याची कड बोथट होते आणि नाव पुसट होत जातं. लोक तरीही मागतात, मी नाही म्हणतो.

नावांच्या शिळेसाठी काळा ग्रॅनाइट घ्या, तो कर्नाटकातून सहज मिळतो. वॉशिंग्टनच्या त्या भिंतीचा काळा ग्रॅनाइटही बेंगळुरूहूनच गेलेला आहे. त्याला आरशासारखं पॉलिश होतं, त्यामुळं नाव वाचणाऱ्याला अक्षरांमागं स्वतःचा चेहरा दिसतो. शिळा किमान 30 मिमी जाड असू द्या. पातळ फरशी सिमेंटनं भिंतीला चिकटवायची पद्धत टाळा, मागून लोणा येतो आणि काही पावसाळ्यांत फरशी फुगून सुटते. शिळेला स्टीलच्या पिना लावा, आणि त्याही स्टेनलेसच. साधं लोखंड गंजून फुगतं आणि आतून दगड फोडतं.

अक्षरं कशी कोरायची? सोनेरी रंग भरायचा का?

खोल कोरायची, आणि रंग शक्यतो नको. लेझरनं वरवर खरवडलेली अक्षरं पहिल्या दिवशी फोटोत छान येतात, पण ती दगडाच्या कातडीवरच असतात. रबरी साचा लावून वाळूच्या माऱ्यानं किंवा छिन्नीनं चार-पाच मिमी खोल गेलेलं अक्षर टिकतं. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट कोरला की आतला भाग राखाडी दिसतो, त्यामुळं रंगाशिवायही नाव स्वच्छ वाचता येतं.

देवनागरीचं एक आहे. सगळ्यात नाजूक भाग वर आणि खाली असतात: अनुस्वार, मात्रा, उकार, रफार. कॉम्प्युटरवरचा फॉन्ट तसाच मशीनला दिला तर ‘शिंदे’वरचा अनुस्वार वेलांटीला चिकटतो आणि ‘कृष्णा’मधला ऋकार बुजतो. जाड-बारीक रेघांचा नक्षीदार फॉन्ट टाळून एकसारख्या जाडीचा घ्या, मुख्य अक्षराची उंची 25 ते 30 मिमी ठेवा आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. कोरण्याआधी कागदावर पूर्ण आकाराची प्रिंट काढून भिंतीवर लावून बघा.

जागा कुठली निवडावी?

रोज लोक जातात ती. शाळेशेजारी, ग्रामपंचायतीसमोर, पारापाशी. हायवेच्या कडेला मोठं दिसतं म्हणून बांधलेलं स्मारक रस्ता रुंदीकरणात जातं. गावठाणातली जागा असेल तर उतारा आणि ठराव आधी हातात घ्या.

नावांची पट्टी जमिनीपासून साधारण दोन ते सहा फुटांच्या मध्ये ठेवा. वीरमाता वयस्क असतात, त्यांना हात लावायचा असतो. मी बसवलेल्या एका शिळेवर एक आजी आल्या की पदरानं आधी नाव पुसतात, मग त्यावरून बोट फिरवतात. त्यांना वाचता येत नाही, पण खोल कोरलेलं अक्षर बोटाला कळतं. म्हणून पुढं साखळी, कुंपण, फुलांचे वाफे काही नको. एक उतार, एक बाक, एक सावलीचं झाड. भिंतीचं तोंड पूर्वेला असलं तर सकाळच्या झेंडावंदनाला उजेड समोरून मिळतो, आणि ऊन वर चढलं की ते तिरकं पडून अक्षरांत सावली भरते. पश्चिमेला तोंड केलेला काळा दगड जतच्या एप्रिलमध्ये दुपारनंतर हात लावू देत नाही.

पुतळा, रणगाडा, अशोकस्तंभ, कायमची ज्योत?

पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परवानगीची वेगळी प्रक्रिया आहे, आणि पुतळा एकाचाच होतो, बाकीचे मागं पडतात. अशोकस्तंभाची राजमुद्रा मनानं लावता येत नाही, 2005 च्या कायद्यानं तिच्या वापरावर बंधन आहे. ज्योतीला गॅस आणि माणूस दोन्ही रोज लागतात. विझलेली ज्योत बघवत नाही. त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी पणती लावा.

गावात जुने वीरगळ आहेत. ते या भिंतीत बसवू का?

नको. ते आहेत तिथंच, उभे राहू द्या. फार तर भोवती चार दगड लावून गुरांपासून वाचवा, शेंदूर आणि ऑइलपेंट लावू नका. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीची कोरीव शिळा: खाली लढाई, मधे वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. अख्खी गोष्ट त्यात आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कुणाचा तो, गाव विसरलं. खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे प्रतापराव गुजर 1674 मध्ये नेसरीला सहा जणांसह पडले. त्या सहा जणांची नावं आजही अभ्यासकांत वादाची आहेत. मी यादीचा इतका आग्रह का धरतो, ते यावरून समजून घ्या.

देणगीदारांची, पदाधिकाऱ्यांची नावं कुठं लावायची?

या भिंतीवर नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत पूर्ण हिशोब ठेवा, कार्यक्रमात मोकळ्या मनानं आभार माना. उद्घाटनाची कोनशिला हवीच असेल तर मागच्या बाजूला, जवानांच्या शिळेपेक्षा लहान अक्षरात. शाळेतल्या मुलांनी एक-एक रुपया दिला तरी घ्या. पुण्यातलं लष्कराच्या दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक नागरिकांच्या वर्गणीतूनच उभं राहिलंय.

पैसे कमी असतील तर?

चौथरा छोटा करा, ग्रिल आणि कारंजं काढा. शिळेची जाडी आणि कोरण्याची खोली कमी करू नका.

पुढं नावं वाढली तर? रिकामी जागा ठेवणं अशुभ वाटतं.

रिकामी, कोरायला तयार शिळा भिंतीवर ठेवू नका. सैन्यात मुलगा असलेल्या आईला ती बघून काय वाटेल? भिंतीची लांबी थोडी जास्त घ्या आणि तो भाग साध्या पाषाणात बांधा. वेळ आलीच तर एक दगड काढून तिथं नावाची शिळा बसते. त्याच खाणीचा, त्याच पॉलिशचा थोडा ग्रॅनाइट आधीच घेऊन ग्रामपंचायतीत ठेवा, नाहीतर नंतर रंग जुळत नाही.

चावडीतली जुनी पाटी ऑइलपेंटनं भरलीय. साफ कशी करायची?

तारेचा ब्रश, ॲसिड आणि ग्राइंडर यांपासून लांब राहा. आधी फोटो: अंधार पडल्यावर बॅटरी बाजूनं, दगडाला लागून तिरकी धरा, बुजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. नुसती धूळ आणि शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. रंग काढायचं काम जाणकाराकडं द्या. पाटीवर फक्त आकडा असेल तर तिला हात लावू नका, शेजारी नवी शिळा बसवून त्यावर शोधलेली नावं कोरा.

कोरल्यानंतर चूक निघाली तर?

शिळा बदलायची. चुकलेली मात्रा घासून किंवा पुटीनं बुजवून चालवू नका. एकेक स्वतंत्र शिळा असण्याचा इथंही फायदा होतो, खर्च एका शिळेचा. ही वेळ येऊ नये म्हणून माझ्याकडं एक नियम आहे: प्रत्येक नावाची पूर्ण आकाराची प्रिंट त्या घरी जाते. वीरपत्नी, आई-वडील, भाऊ, जे असतील ते मोठ्यानं वाचतात आणि खाली सही किंवा अंगठा देतात. शंभर वर्षांपूर्वीच्या नावांसाठी भावकीतलं कुणी, तेही नसेल तर ग्रामसभा. सगळे कागद परत आल्याशिवाय कारखान्यात एकही शिळा कापली जात नाही, मग उद्घाटनाची तारीख पुढं गेली तरी चालेल.